पन्नास मिनिटांचं जबलपूर

‘हे पाहा काका, पन्नास मिनिटं,’ असं म्हणून अमितनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. ‘नागपूर ते जबलपूर. अंतर अडीचशे किलोमीटर. फ्लाइट टाइम पन्नास मिनिटं. आणि तुम्ही सहा तासांची गाडी सांगून राहिले.’

मी चष्मा लावून पाहिलं. पडद्यावर खरंच तसं होतं. नागपूरवरून एक निळी रेघ निघून सरळ जबलपूरवर टेकली होती. रेघेवर छोटंसं विमानही काढलेलं होतं.

‘बरोबर हाये,’ मी म्हणालो. ‘आता या विमानाचं तिकीट काढून दाखव.’

सौंसरच्या बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. तिकीट बुकिंग आणि दोन गाड्या. शाळा सोडल्यावर मी संत्र्याच्या खोक्यांना खिळे ठोकत होतो. मग एका व्यापाऱ्यामागे बागा फिरलो आणि सौदा शिकलो. पुढे पांढुर्णा स्टेशनवर पहाटे लायनीत उभं राहून लोकांची रिझर्वेशनं काढून दिली. त्या लायनीतून हे दुकान उभं राहिलं. कोणाच्या बापानं दिलं नाही. म्हणून कोणी मला धंदा शिकवायला लागलं की माझं डोकं तापतं.

त्या दिवशी समोरच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर अमित होता, दुसरीवर त्याची वहिनी वैशाली. मोहगावचं घर. वैशालीचा नवरा सुनील सरकारी खात्यात लाइनमन होता. माझ्याकडून नेहमी तिकिटं काढायचा, आणि तिकीट निघेपर्यंत त्याला स्वस्थ बसवायचं नाही म्हणून स्टुलावर चढून माझा पंखा दुरुस्त करायचा. तो पंखा अजून चालतो. सुनील मागच्या वर्षी काविळीनं गेला. घरी सासू आणि दीड वर्षाचं पोरगं.

वैशालीला नवऱ्याच्या जागी नोकरी मिळायची होती. याला अनुकंपा नियुक्ती म्हणतात. कर्ता माणूस नोकरीत असताना गेला, तर घरातल्या एकाला घेतात. पण त्यासाठी मूळ कागद घेऊन स्वतः जबलपूरच्या मुख्य ऑफिसात हजर व्हायचं होतं. परवा शेवटची तारीख होती. नाही गेली, तर नाव यादीतून बाहेर. पुढची यादी कधी लागेल, ते लावणाऱ्यालाही माहीत नसतं.

आमच्या भागाचं हे असंच आहे. बोलतो मराठी, बाजारहाट आणि दवाखाना नागपूरला, पण कागद सगळा भोपाळ-जबलपूरला. विमानतळ जवळचा तो नागपूरचा, आणि जबलपूर बरोबर त्याच्या उलट दिशेला.

मी सांगितलं, ‘पहाटे गाडी काढू. छिंदवाडा, सिवनी, लखनादौन. अकरा-साडेअकराले ऑफिसात. रात्रीपर्यंत वापस.’

अमित बंगलोरला कॉम्प्युटरचं काम करतो. भावजयीसाठी रजा काढून आला होता. पोरगा वाईट नाही. पण त्याला त्याच दिवशी नागपूरहून बंगलोरचं विमान पकडायचं होतं, आणि फोनमध्ये पन्नास मिनिटं दिसत होती.

आता हे पन्नास मिनिटांचं प्रकरण सांगतो, कारण यात भलेभले फसतात. नेटवर कोणत्याही दोन विमानतळांची नावं टाका, ते अंतर दाखवतं. हे आकाशी अंतर. नकाशावर दोरी ताणून मोजावं तसं. त्या अंतराला विमानाच्या वेगानं भागायचं, चढण्या-उतरण्याची थोडी मिनिटं त्यात टाकायची, झाला फ्लाइट टाइम. हा नुसता हिशेब आहे. त्या रेघेवरून खरंच विमान उडतं की नाही, याच्याशी त्या हिशेबाला काही घेणंदेणं नाही. लहान विमानतळांची गत अशी, की ते शेजाऱ्याशी जोडलेले नसतात. दोघेही कुठल्या तरी मोठ्या शहराशी जोडलेले असतात. तेव्हा नागपूरहून जबलपूरला थेट विमान नव्हतं. आधी इंदौरला जायचं, म्हणजे पश्चिमेला, तिथं बसायचं, आणि मग दुसऱ्या विमानानं उलटं पूर्वेला यायचं.

मी अमितला आमच्या भाषेत सांगितलं, ‘पांढुर्ण्याहून बाजूच्या तिगावले जायचं, पण गाडी तिगावले थांबत नाही. म्हून इटारसीपर्यंत जायचं अन् तिथून उलटं यायचं. असं हाये हे.’

वैशाली हसली. अमित नाही हसला.

‘काका, इंदौरहून दुपारी फ्लाइट आहे. मी चेक केलं. वहिनी तीनपर्यंत ऑफिसात. सहा तास खड्ड्यांतून कशाला न्यायचं तिला?’

‘दोन तिकिटं येगळी काढून राहिला का एकच?’

‘वेगळी स्वस्त पडून राहिली.’

‘येगळी काढू नको बाप्पा.’

याचंही कारण सांगतो. प्रत्येक तिकिटाला एक नंबर असतो, त्याला पीएनआर म्हणतात. दोन्ही विमानं एका पीएनआरवर असली आणि पहिलं उशिरा आलं, तर पुढची सोय कंपनी करते. दोन पीएनआर असले, तर दुसऱ्या विमानासाठी तुम्ही घरूनच उशिरा निघालेले असता. त्यांना तुमच्या पहिल्या विमानाशी काय करायचं?

हे सगळं मी सांगितलं. त्यावर अमित खुर्चीतून उठला आणि म्हणाला, ‘काका, तुम्हाला तुमची गाडी चालवायची आहे. सरळ सांगा ना.’

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी असा आपटला की काउंटरच्या काचेला तडा गेला. ‘चाल, निघ,’ मी म्हणालो. ‘नेटच्या विमानात बसव तिले. माया दुकानात पाय ठेवू नको.’

वैशाली उठताना हळूच म्हणाली, ‘राग नका मानू जी काका.’ मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

ते गेल्यावर दोन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या. दुपारी दुकानात कोणी येत नाही. सगळे आता मोबाईलवरच तिकिटं काढतात. अडकले की मात्र माझ्याकडे येतात. मेसचा डबा उघडला, पण जेवण गेलं नाही. माझा राग एकट्या अमितवर नव्हता. माझा मुलगा हैदराबादला आहे. त्याची आई गेल्यापासून मी त्याला फोनवर विचारतो, कधी येतो. तो म्हणतो, ‘बाबा, सव्वा तासाचं तर अंतर आहे. कधीही येऊन जाईन.’ नागपूर-हैदराबाद सव्वा तास. बरोबर आहे. मीच गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे इतकं धुकं होतं, की समोरचा बसस्टँड दिसत नव्हता. मी नागपूरच्या विमानांची स्थिती पाहिली. मला पाहायचं काही कारण नव्हतं. इंदौरचं विमान लेट दाखवत होतं. चांगलं झालं, असं मी मनात म्हणालो. खोटं कशाला सांगू.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

‘जय भीम काका. मी वैशाली.’

‘जय भीम. कुठं हायेस?’

‘इंदौरले हाये जी. भायेर, गेटपाशी. ते म्हणून राहिले, जबलपूरचं काऊंटर बंद झालं. विमान दिसून राहिलं मले काचेतून, पण जाऊ नाही देऊन राहिले.’

काऊंटर विमान उडायच्या तासभर आधीच बंद होतं. विमान समोर उभं असलं तरी.

‘अमित कुठं हाये?’

‘भाऊजी बंगलोरच्या विमानात बसले. फोन बंद हाये त्यायचा.’

म्हणजे त्यानं तिला एकटीला बसवलं होतं. पन्नास मिनिटांचं तर अंतर, त्यात सोबत कशाला?

‘सामान काय हाये तुयापाशी?’

‘कागदाची पिशवी. दुसरं काही नाही. दुपारपर्यंत होते म्हणाले ना जी सगळे. पोराले तसंच सांगून आली.’

फोनमध्ये गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. माझ्या मनात आलं, म्हणावं, माझं ऐकलं नाही ना, भोगा आता. शब्द जिभेवर होते. पण पंखा फिरत होता.

‘हे पाय,’ मी म्हणालो, ‘तिथंच बस. कोणाच्या ऑटोत बसू नको. ऑफिसच्या कागदावर फोन नंबर असन, तो मले सांग.’

जबलपूरच्या ऑफिसात मी पहिला फोन केला तो वाया घालवला. तिथले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, आजच्या आज, पाच वाजता खिडकी बंद. मी तापलो. बाईचं नशीब काय तुमच्या खिडकीवर टांगलंय का, असं काहीतरी हिंदीत बोललो. त्यांनी फोन आपटला.

मी दुकानाबाहेर येऊन चूळ भरली. तोंडावर पाणी मारलं. मग बागेतला सौदा आठवला. संत्र्याच्या बागेतलं फळ झाडावरच विकत घेताना जो भाव पाहिजे, तो कधी आधी बोलायचा नसतो. आधी भलतंच काही मागायचं. मालक नाही म्हणतो. मग दुसरं भलतं मागायचं. तो पुन्हा नाही म्हणतो. तीनदा नाही म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाला ओशाळल्यासारखं होतं. दारात आलेल्याला नुसत्या हातानं कसं पाठवायचं? मग तुम्हाला जे हवं होतं, ते मागायचं. बडे बाबू बागवाले नव्हते, पण माणूसच होते.

‘साहब, अभी गरम हो गया था. माफ़ी. एक महीने की मोहलत दे दीजिए.’

‘महीना? दिमाग़ ठीक है आपका?’

‘तो पंद्रह दिन.’

‘नहीं.’

‘आठ?’

‘भाई साहब, मेरे हाथ में कुछ नहीं है. समझते क्यों नहीं?’

त्यांचा आवाज उतरला होता.

‘अच्छा साहब, लिस्ट ऊपर कब जाती है?’

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘कल लंच के बाद. दस्तख़त के लिए.’

‘मतलब लंच तक आपकी टेबल पर ही है.’

ते हसले. ‘वकील हो क्या?’

‘नहीं साहब. पहले संतरेवाला था, अब गाड़ीवाला हूँ. लड़की इंदौर में अकेली बैठी है. घर में छोटा बच्चा है.’

‘बारह बजे से पहले आ जाए,’ ते म्हणाले. ‘और आप मुझे फिर फ़ोन मत करना.’

कागदावरची तारीख वेगळी असते, टेबलावरची वेगळी. कागद टेबलावरून हलत नाही, तोवर तारीख उलटत नाही. हे मी कोणत्या पुस्तकात वाचलं नाही.

इंदौरहून जबलपूरला रात्रभराची गाडी आहे. तिचं रिझर्वेशन संपलं होतं. पण रेल्वेत करंट बुकिंग नावाची एक सोय असते. गाडीचा चार्ट, म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी लागली, की उरलेल्या जागा गाडी सुटायच्या आधी विकतात. मी संध्याकाळी संगणकासमोर डोळ्यांत तेल घालून बसलो. एक वरचा बर्थ सुटला. तो वैशालीचा. तिला फोन करून स्टेशनवर कसं जायचं, डबा, बर्थ, कुठं उतरायचं, सगळं सांगितलं. मग तिच्या सासूला फोन करून सांगितलं, की आज येत नाही, पण ठीक आहे.

‘पोरगं रडून राहिलं ना जी,’ सासू म्हणाली. मागून आवाज येतच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी काढली. मला कोणी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर होता, त्याला पाठवता आलं असतं. का गेलो, ते मलाही नीट सांगता येत नाही. बसस्टँडवर भजी तळणारा म्हणाला, ‘काका, कोणाले घेऊन चालले?’ मी म्हणालो, ‘कोणालेच नाही. आणाले चाललो.’

रामाकोन्याला कन्हान नदी ओलांडली. सिल्लेवानीच्या घाटात धुकं बसलं होतं. मागची सीट रिकामी असली की गाडीचा आवाज वेगळा येतो. एवढी वर्षं लोकांना पोचवतोय, पण या रस्त्यावर मी एकटा कधी गेलो नव्हतो. कोणी ना कोणी मागे असायचं, बडबड करत, ओकत, झोपत. सिवनीजवळ एका ढाब्यावर थांबलो. वेटरनं विचारलं, ‘कितने लोग?’ मी एक म्हणालो, तर त्यानं मला हात धुवायच्या नळाजवळचं टेबल दिलं. चहा घेऊन उठलो. मधे दोनदा फोन पाहिला. हैदराबादचा नव्हता. असायचं कारणही नव्हतं.

जबलपूरच्या ऑफिसात पोचलो तेव्हा वैशाली फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली होती. अंगावर कालचीच साडी. मांडीवर कागदाची पिशवी, त्यात वर बिस्किटाचा पुडा, पोरासाठी घेतलेला, न फोडलेला.

‘झालं का?’

‘झालं जी. अकराच्या आतच झालं. ते बाबू म्हणत होते, तुमचे गाडीवाले कुठं आहेत, मले पाहायचं होतं त्यायले.’ मग गाडीकडे पाहून म्हणाली, ‘तुम्ही काऊन आले जी एवढ्या लांब?’

‘बस,’ मी म्हणालो.

लखनादौनच्या आधीच ती झोपली. बसल्या बसल्या, डोकं काचेला टेकवून. मी खड्डे चुकवत चालवत होतो. घाट उतरताना जागी झाली. तोंडावरून पदर फिरवला आणि आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, ‘काका, तुमचा पोरगा हैदराबादले हाये ना? किती लांब हाये जी ते?’

‘विमानानं सव्वा तास.’

‘मंग तं जवळच हाये.’

मी गिअर बदलला.

मोहगावला पोचलो. आजीच्या कडेवरून पोरानं आईकडे पाहिलं आणि मान फिरवली. आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. वैशालीनं बिस्किटाचा पुडा वाजवला, तरी पाहीना. मी चपला घालायच्या निमित्तानं दाराकडे वळलो, पण मी चपला काढल्याच नव्हत्या. थोड्या वेळानं मागून रडणं ऐकू आलं. ते कोणतं रडणं होतं ते मला वळून न पाहता कळलं. पोरगं आईकडे गेलं होतं.

तेवढ्यात बंगलोरचा फोन आला. सासूनं स्पीकरवर टाकला.

‘पाहिलं ना वहिनी, झालं ना काम,’ अमित म्हणाला. ‘धुकं नसतं तर कालच झालं असतं. काका आहेत का तिथं? काका, चालली ना शेवटी तुमची गाडी?’

तो गंमत करत होता, असं आजही सगळे म्हणतात.

सासूनं पदराची गाठ सोडत विचारलं, ‘किती झाले जी?’ आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘जाताना तं रिकामीच नेली ना तुम्ही? मंग एकाच बाजूचे घ्या.’

माझ्या मनात नव्हतं घ्यायचं. गाडी काढली तेव्हापासून नव्हतं. पण तो फोन अजून चालू होता. मी दोन्ही बाजूंचे सांगितले, आणि सांगितले तेवढे घेतले, रुपयासुद्धा सोडला नाही. वैशाली दारात पोराला घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात वैशालीला ऑर्डर मिळाली. सौंसरच्याच ऑफिसात. विहारात छोटा कार्यक्रम झाला. अमित आला होता. भावजयीसाठी एवढी धावपळ केली म्हणून त्याला पुष्पगुच्छ दिला. आदल्या दिवशी सासूचा मला फोन आला होता. म्हणाली, ‘काका, उद्या नक्की या. अन् येताना पाहुण्यायसाठी मोठी गाडी आणजा.’

मी गाडी पाठवली. ड्रायव्हरला पाठवलं. मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी वैशाली ऑफिसला जाताना दुकानात पेढे घेऊन आली. खुर्चीत बसली नाही, उशीर होत होता. काउंटरच्या तड्यावर बोट फिरवून म्हणाली, ‘हे बदलून घ्या जी.’ मी हो म्हणालो. बदललं नाही. जाताना तिनं वर पाहिलं. पंखा फिरत होता.

या सगळ्यातून धंद्यात मी एकच बदल केला. दुकानाबाहेर पेंटरकडून पाटी लिहून घेतली. नागपूर ते जबलपूर, विमानानं पन्नास मिनिटं. आणि खाली मोठ्या अक्षरांत: विमान नाही. येणारेजाणारे हसतात, फोटो काढतात. पण त्यानंतर माझ्या दुकानात कोणी ती निळी रेघ घेऊन आलं नाही. तुम्हालाही एवढंच सांगतो. दोन गावांत अंतर किती, हे विचारण्याआधी त्या वाटेनं कोणी येतं-जातं का, ते विचारा.

त्या पाटीचा फोटो फिरत फिरत हैदराबादला पोचला. मुलाचा फोन आला. खूप हसत होता. म्हणाला, ‘बाबा, नागपूर-हैदराबादचंही लिहून टाका ना. सव्वा तास.’

‘ते नाही लिहिता येत,’ मी म्हणालो.

‘का?’

‘तिथं विमान हाये. रोज हाये.’